जत्रेचा हिशेब आणि पंचायतीची जमाबंदी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या दैनिकाच्या एकाच पानावर दोन छोट्या बातम्या शेजारी शेजारी छापून आल्या होत्या. बेळगाव तालुक्यातील एका गावाने महालक्ष्मी यात्रेच्या तयारीसाठी देवळात बैठक घेतली आणि बसायला मंडप अपुरा पडला, असे पहिल्या बातमीत होते. त्याच भागातील एका पंचायतीची ग्रामसभा पुरेसे लोक न जमल्याने तहकूब झाली, असे दुसरीत होते. या दोन बातम्यांचा परस्परांशी काही संबंध असेल असे पान लावणाऱ्याच्या मनातही आले नसेल. मला मात्र हा संबंध बरीच वर्षे छळतो आहे, कारण मी आमच्या गावच्या यात्रा कमिटीचा खजिनदार होतो आणि पुढे एक मुदत ग्रामपंचायतीचा सदस्यही होतो. खजिनदार असताना दारात इतकी माणसे येत की ताटावरून उठावे लागे. सदस्य असताना ग्रामसभेच्या दिवशी आम्ही निवडून आलेले, पंचायत विकास अधिकारी, वॉटरमन आणि अंगणवाडी सेविका एवढीच मंडळी एकमेकांची तोंडे पाहत बसत असू.

ग्रामीण विकासात लोकांचा सहभाग कसा वाढवावा यावर शहरांत परिसंवाद होतात, तेव्हा खेड्यातला माणूस उदासीन असतो हे आधीच ठरलेले असते. निदान सीमाभागातील खेड्यांबद्दल मी हे मान्य करू शकत नाही. आमच्याकडे सहभाग भरपूर आहे, त्याला शिस्त आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचा सराव आहे. तो पंचायतीच्या उंबऱ्याशी येऊन थांबतो. तो तेथेच का थांबतो, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे.

ज्यांनी आमच्याकडची लक्ष्मीची यात्रा पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. ही यात्रा वर्षाला भरत नाही. कोठे बारा वर्षांनी, कोठे पंचवीस वर्षांनी, कोठे त्याहूनही अधिक काळाने गाव ती भरवायचे ठरवते. आमच्या गावात ती भरली तेव्हा तिशीतल्या पोरांना मागची यात्रा आठवत नव्हती. दोन वर्षे आधी देवस्की पंचांनी, म्हणजे देवळाचा कारभार पाहणाऱ्या गावच्या पंचांनी, दवंडी दिली, गल्लीवार माणसे निवडली गेली आणि पाणी, वीज, रस्ते, वाहनतळ, मंडप, वर्गणी अशा पोटकमिट्या झाल्या. सगळ्या बैठका रात्री, डेअरीला दूध घालून लोक मोकळे झाल्यावर होत. घरामागे वर्गणी ठरली. ज्याला ती एकरकमी जमत नव्हती त्याला सुगीपर्यंत मुदत मिळाली, आणि ज्या घरात कमावते माणूस उरले नव्हते त्या घराचा आकडा पंचांनी चारचौघांत न बोलता कमी केला. माहेरवाशिणींनी आपली देणगी वेगळी जमवली आणि तिच्यातून काय करायचे हे त्यांनीच सांगितले. त्यांना देवळामागे बायकांसाठी आडोसा आणि नळ हवा होता. गेल्या कित्येक वर्षांत ही गरज कोणत्याही आराखड्यात आली नव्हती.

देवीची मूर्ती गावभर खेळवत न्यायची म्हणजे रस्ता मोकळा हवा. गटारीवर आलेले ओटे आणि पायऱ्या काढाव्यात म्हणून पंचायतीने पूर्वी तीनदा नोटिसा दिल्या होत्या, आणि त्या नोटिसा चुलीत गेल्या होत्या. यात्रेच्या वर्षी लोकांनी आपापले ओटे स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पहारीने काढले. दोन जुन्या विहिरींतला गाळ उपसला गेला. शिवारातील भात निघाल्यावर शेतकऱ्यांनी बांध सपाट करून वाहनांना जागा दिली आणि यात्रा उलटल्यावर गल्लीतल्या पोरांनी ते बांध परत घालून दिले. देवी नऊ दिवस गदगेवर, म्हणजे यात्रेतल्या आपल्या आसनावर, बसली, भंडारा उधळला गेला, ती गावाबाहेर गेली. रस्ता, विहिरी आणि तो नळ मात्र मागे राहिले. गावाने स्वतः ठरवलेला, मुदतीत पुरा केलेला आणि स्वतःच्या पैशाने उभारलेला हा विकास आराखडाच होता. त्याला तसे कोणी म्हटले नाही, इतकेच.

यात्रेनंतर महिन्याभराने मी देवळात हिशेब वाचला. तीन तास लागले. खांबाआड बसलेल्या एका म्हातारीने मध्येच विचारले, "ओटीचे नारळ विकले त्याचे पैसे कुठं धरल्यासा?" मी पाने चाळली. ती रक्कम खरोखरच लिहायची राहून गेली होती. डब्यात पैसे होते, वहीत नोंद नव्हती. सभेसमोर मी ती चूक कबूल केली आणि त्याच वेळी नोंद केली. त्या बाईला वाचता येत नाही. पुढे मी पंचायतीत असताना ग्रामसभेच्या हजेरीबुकात तिचा अंगठा मी पाहिला, आणि तो तिच्या दारात जाऊन उठवून आणलेला होता. ज्या विषयांना तिने संमती दिल्याचे त्या बुकात लिहिले होते त्यांतला एकही तिला कोणी वाचून दाखवला नव्हता. मी सदस्य असूनही त्या दिवशी काही बोललो नाही. ती चूक माझ्याकडेही आहे.

आता कायद्याची बाजू पाहू. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि त्याच वर्षी कर्नाटकाने आपला पंचायत राज कायदा केला. त्याप्रमाणे सहा महिन्यांतून किमान एकदा ग्रामसभा व्हायला हवी आणि तिच्याआधी प्रत्येक प्रभागाची वॉर्डसभा व्हायला हवी. कोणती कामे घ्यायची, घरकुलासाठी कोणाची नावे जायची, हे खालून वर जावे असा तिचा हेतू आहे. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ पासून निधी थेट ग्रामपंचायतींकडे दिला आणि गावोगावी विकास आराखडे तयार होऊ लागले. पंधराव्या आयोगाने त्यातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिली. म्हणजे कागदावर पाहिले तर यात्रा कमिटीने केले तेच काम, सरकारच्या पैशाने आणि वर्गणीशिवाय, दर वर्षी करता येईल अशी व्यवस्था आहे. मग घोडे पेंड कोठे खाते?

पहिली गोष्ट वेळेची. आमच्या पंचायतीत ग्रामसभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला भरत असे. रोप लावणीच्या दिवसांत अकराला गावात कोण असते? बायका चिखलात, गडी औताबरोबर आणि पोरे उद्यमबाग आणि मच्छे येथील कारखान्यांत पाळीवर. यात्रेची बैठक कोणी अकराला बोलावली असती तर पंचांना लोकांनी हसून घालवले असते.

दुसरी गोष्ट जागेची, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. कर्नाटकात साधारण पाच ते सात हजार लोकसंख्येमागे एक ग्रामपंचायत असते आणि दर ४०० लोकांमागे एक सदस्य असतो. त्यामुळे तीन-चार गावे मिळून एक पंचायत हे आमच्याकडचे नेहमीचे चित्र आहे. पलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात गावाला बहुधा आपली स्वतःची, फार तर शेजारच्या एखाद-दुसऱ्या गावाबरोबरची पंचायत असते. शिनोळीच्या नाक्यावर उभे राहिले की हा फरक दोन्ही बाजूंना दिसतो. कर्नाटकी पद्धतीचे फायदे आहेत, कारण मोठ्या पंचायतीला पूर्ण वेळ अधिकारी मिळतो, उत्पन्नही बरे येते. परंतु आमची माणसे गावकीने विचार करतात. प्रत्येक गावाचे दैवत वेगळे, पंच वेगळे, मसणवट वेगळी. ज्या गावात पंचायतीची कचेरी आहे तेथील सभेला शेजारच्या गावचा माणूस पाहुण्यासारखा जातो आणि पाहुण्यासारखा गप्प बसतो. वॉर्डसभा ही यावरची तोड आहे, आणि तीच सर्वांत जास्त कागदावर उरकली जाते. ती गावाच्या देवळात किंवा शाळेच्या पटांगणात, रात्री आठला, पंचांच्या दवंडीने बोलावली तर काय होते, हे एकदा करून पाहायला काहीच खर्च नाही.

तिसरी गोष्ट भाषेची. हा विषय निघाला की इतर सगळे विषय बुडतात, म्हणून मी तो मुद्दाम तिसऱ्या क्रमांकावर ठेवला आहे. सीमाप्रश्नाचा २००४ साली दाखल झालेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याचा निकाल काय लागावा याबद्दल माझे मत या भागातील बहुसंख्य मराठी माणसांचे आहे तेच आहे. परंतु गटारी निकालाची वाट पाहत थांबत नाहीत, त्या साचतच राहतात. राज्य पुनर्रचना झाली त्याच वर्षी, १९५६ साली, केंद्राने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी काही तत्त्वे मान्य केली. ज्या तालुक्यात किंवा त्याहून लहान भागात अल्पसंख्याक भाषा बोलणारे लक्षणीय प्रमाणात असतील, तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे त्यांतले एक तत्त्व आहे; पुढे हे प्रमाण १५ टक्के असे रूढ झाले. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील, निपाणी भागातील कित्येक गावे या मापात सहज बसतात. वॉर्डसभेची सूचना, कामांची यादी आणि लाभार्थींची नावे कन्नडबरोबर मराठीतही लावावीत, एवढी मागणी कोणत्याही राज्याच्या विरोधात जात नाही. मी सदस्य असताना कचेरीतल्या एका कर्मचाऱ्याने कामांची यादी शाळेच्या फळ्यावर खडूने मराठीत लिहून ठेवली होती. त्या वेळी सभेला आलेली माणसे मला अजून आठवतात, कारण खुर्च्या कमी पडून शाळेतली बाके बाहेर काढावी लागली होती. त्याने कोणाची परवानगी घेतली नव्हती, म्हणून त्याची अधिक ओळख देत नाही.

या बाबतीत आपल्या लोकांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. अधिकारी कन्नडमधून बोलला की हात झाडून उठून जाणे सोपे आहे, पण उठून गेलेल्याच्या गैरहजेरीत ठराव मंजूर होतो. आपल्या गावांत घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलणारी माणसे सगळीकडे आहेत. आमच्या यात्रेला करडी मजलाचे वाद्यपथक कन्नड मुलखातून आले होते. जोतिबाच्या चैत्र यात्रेला कन्नड भाषकांच्या गाड्या आमच्या दारावरून जातात आणि सौंदत्तीच्या यल्लम्माला आमच्या बाया परडी घेऊन जातात. देवाच्या वाटेवर ज्यांना एकमेकांचे बोलणे कळते, त्यांना नळाच्या बाबतीत ते कळत नाही असे होत नाही. शेजारच्या कन्नड गल्लीतल्या माणसालाही कामांच्या यादीची आपल्याइतकीच अडचण आहे, कारण ती यादी त्यालाही कोणी दाखवत नाही.

हिशेबाकडे परत येतो, कारण खजिनदाराचा जीव त्यातच असतो. फार थोड्या लोकांना माहीत आहे की कर्नाटकात पंचायतींची जमाबंदी म्हणून एक पद्धत नियमाने घालून दिलेली आहे. दर वर्षी साधारण ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पंचायतीचे दप्तर लोकांसमोर उघडायचे, वर्षभरातील जमाखर्च मांडायचा आणि झालेली कामे जागेवर जाऊन तपासायची, असा तिचा अर्थ. म्हणजे मी देवळात तीन तास जे केले तेच, फक्त सरकारी शिक्क्यासह. हे दिवस श्रावण-भाद्रपदातले. लावणी आटोपलेली असते, गावात भजन चालू असते, आणि गणपतीला पुण्या-मुंबईकडची पोरे घरी येतात, ज्यांना हिशेबाचे कागद वाचता येतात आणि ज्यांना कोणाची भीडही नसते. लोकांनी हिशेब विचारावा यासाठी याहून सोयीचे दिवस पंचांगात शोधूनही सापडणार नाहीत. तरी मी सदस्य होईपर्यंत मलाही या पद्धतीचे नाव ठाऊक नव्हते, आणि आमच्याकडे ती कचेरीतल्या टेबलावर चहा संपेपर्यंत उरकत असे. गणेशोत्सव मंडळांनी एक रात्र आरतीनंतर मंडपात जमाबंदी ठेवण्याची मागणी पंचायतीकडे करावी, अशी माझी सूचना आहे. मंडप आहे, ध्वनिक्षेपक आहे, माणसे तर आलेलीच असतात.

येथवर वाचून कोणाला वाटेल की मी जत्रेची आरती ओवाळतो आहे. तसे नाही. पाहुण्यांच्या जेवणावळीपायी यात्रेत कित्येक घरे कर्जात जातात, आणि बोकडाचा भाव यात्रेच्या आठवड्यात कोठे पोहोचतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते. आमच्या कमिटीत एकही बाई नव्हती. वर ज्या माहेरवाशिणींचे कौतुक केले, त्यांनी नळाची मागणी निरोपाने कळवली होती. बैठकीत येऊन ती मांडण्याचा रिवाज नव्हता. मानपानाची यादी वाचली की गावात कोणाच्या वाट्याला पालखीचा दांडा येतो आणि कोणाच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या फक्त हलगी येते, हे उघड दिसते. पंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत आणि अनुसूचित जातींसाठी राखीव जागा आहेत. देवळाच्या कमिटीने ही गोष्ट पंचायतीकडून शिकावी, आणि सदस्याबाईच्या जागी तिचा नवरा सभेला बसतो ती रीत पंचायतीने मोडावी. गावकीची रीत जशीच्या तशी पंचायतीत आणली तर तिच्याबरोबर हे सगळेही येईल, याची मला जाणीव आहे.

आपल्या संस्कृतीत दुरुस्ती होऊ शकते याचा पुरावा याच जिल्ह्यात आहे. देवदासी सोडण्याच्या प्रथेवर कर्नाटकाने १९८२ साली कायदा करून बंदी आणली. कायद्याने गुन्हा ठरला, पण ज्या स्त्रियांचे आयुष्य त्यात गेले होते त्यांच्या पोटापाण्याचे आणि मानाचे काय, याचे उत्तर कायद्यात नव्हते. घटप्रभा येथील ‘मास’ ही संस्था १९९७ पासून त्याच स्त्रियांनी स्वतः चालवली. गावोगावी बचत गट बांधून, यल्लम्माच्या नावाने पोर सोडण्याची तयारी कोठे दिसली की त्या घरी जाऊन बसायचे, समजावायचे, नाही ऐकले तर पोलिसांत जायचे, असे काम त्यांनी केले. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यापेक्षा त्यांचे शब्द वजनदार ठरले, कारण ज्या घरात त्या शिरत त्या घरातली देवघराची भाषा त्यांना ठाऊक होती. लोकसहभाग म्हणजे काय हे मला कोणी विचारले तर मी सरकारी पुस्तिका न दाखवता घटप्रभेचा रस्ता दाखवीन.

संस्कृती म्हणजे केवळ उत्सव, असेही समजू नये. खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात आणि २०११ साली अभयारण्य जाहीर झालेल्या भीमगडच्या रानात ज्या वस्त्या आहेत, तेथे हा प्रश्न थेट जमिनीचा होतो. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे दाव्यांची सुरुवात गावाच्या ग्रामसभेतून आणि तिने निवडलेल्या १० ते १५ जणांच्या वनहक्क समितीतून होते. आदिवासी नसलेल्या रहिवाशांना तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. गवळी धनगराकडे ७५ वर्षांपूर्वीचा कागद कोठून असणार? परंतु या कायद्याचे नियम बारकाईने पाहिले तर त्यांत पुरावा म्हणून गावातील वृद्धांचे लिहून घेतलेले जबाब चालतात. सामूहिक हक्कासाठी पवित्र झाडे, देवराया, पाणवठे, दहन-दफनाच्या जागा, जुन्या बांधकामांचे अवशेषही चालतात. देवाचे रान कोठून कोठपर्यंत आहे, कोणत्या पाणवठ्यावर कोणी नारळ ठेवायचा, कोणत्या पिढीने कोणते जोते घातले, ही आजीच्या तोंडची हकिगत येथे कायद्याचा कागद होते. ती हकिगत सांगणारी माणसे एक एक करून चालली आहेत, आणि ती लिहून घेण्याचे काम एखाद्या गावच्या युवक मंडळाने एका उन्हाळ्यात पुरे करावे इतके ते सोपे आहे. खानापूरच्या महाविद्यालयांत मराठी शिकवणाऱ्यांनी याकडे लक्ष द्यावे, अशी त्यांना कळकळीची विनंती आहे.

जत्रेसाठी केलेले काम मागे राहावे, ही कल्पनाही बेळगावला नवीन नाही. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन येथे भरले, तेव्हा आलेल्या माणसांच्या पाण्यासाठी टिळकवाडीत विहीर खोदली गेली. ती काँग्रेस विहीर अजून जागेवर आहे. त्या अधिवेशनाची सारी जुळवाजुळव करणारे गंगाधरराव देशपांडे हे हुदलीचे. लोकमान्यांचा हा अनुयायी पुढे खादीच्या मागे लागला, आणि एप्रिल १९३७ मध्ये त्यांच्या हुदली गावी गांधी सेवा संघाची बैठक भरली तेव्हा गांधीजी त्या खेड्यात येऊन राहिले. हुदलीत खादीचे काम त्यानंतरही पिढ्यान्‌पिढ्या चालले. गंगाधररावांना कर्नाटकसिंह म्हणतात आणि त्यांच्यावर महाराष्ट्रही आपला हक्क सांगतो. मला स्वतःला त्यांनी लोकांकडून सूत कातून घेतले हे अधिक मोलाचे वाटते.

आता आपल्या साहित्य संमेलनांविषयी. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमनी, सांबरा, कारदगा अशा गावांनी आपल्या वर्गणीवर मराठी साहित्य संमेलने चालवली आहेत आणि त्याचा मला अभिमान आहे. खेड्यातल्या माणसाने ग्रंथदिंडीपुढे डोक्यावर पुस्तके घेऊन चालावे, बायकांनी त्या दिंडीला ओवाळावे, हे महाराष्ट्रातही फार ठिकाणी पाहायला मिळत नाही. तरीही एक तक्रार आहे. चार सत्रांपैकी एकही सत्र त्या गावाचे नसते. पाहुणे पुण्याहून येतात, भाषणे होतात, सीमाप्रश्नाचा ठराव होतो, भोजन होते. एक सत्र त्या गावच्या प्रश्नासाठी ठेवा. गावातल्या शेतकऱ्याने, शिक्षिकेने, बचत गटाच्या बाईने आपल्या गावाची पुढची पाच वर्षे कशी असावीत ते बोलावे आणि पंचायतीच्या अध्यक्षांनी व्यासपीठावर बसून ते ऐकावे. त्यासाठी पुण्याहून कोणाला बोलवावे लागणार नाही आणि मानधनही वाचेल.

ग्रंथालयांचेही असेच आहे. २०१९ पासून कर्नाटकातील ग्रामपंचायतींची वाचनालये ग्रामविकास खात्याकडे आली आणि ती आता ‘अरिवु केंद्र’ या नावाने चालतात. बऱ्याच गावांत इमारत चांगली झाली आहे, संगणक आले आहेत. मराठी शाळेतली मुले तेथे जातात आणि मराठी पुस्तके फारशी नसल्याने परत फिरतात. यासाठी मोर्चा काढण्याची गरज नाही. पुस्तकांच्या मागणीचा विषय वॉर्डसभेत लिहून घ्यायला लावायचा असतो, आणि २००१ पासून कर्नाटकातील प्रत्येक सरकारी शाळेत पालकांची जी सुधारणा समिती आहे तिने त्यावर सही करायची असते. आमच्या गावात असा एक अर्ज गेला आणि काही पुस्तके आली. थोडी आली, पण आली.

काही प्रश्न गावाच्या शिवेत मावत नाहीत, हेही खरे. बळ्ळारी नाल्याला पूर येऊन येळ्ळूर, अनगोळ, वडगाव, शहापूर भागातले भात दर पावसाळ्यात पाण्याखाली जाते. तेथे एका पंचायतीने काही ठरवून भागत नाही, कारण नाला शहरातूनही वाहतो आणि अनेक गावांच्या शिवारांतूनही. हे काम तालुका आणि जिल्हा पंचायतीचे. त्यांची मुदत २०२१ मध्ये संपली आणि पुढच्या निवडणुका वर्षानुवर्षे लांबणीवर पडत गेल्या. खालच्या पायरीवर लोक येत नाहीत म्हणून ओरड करायची आणि वरच्या दोन पायऱ्यांवर लोकांनी निवडलेले कोणी बसूच द्यायचे नाही, यातली विसंगती सरकारला दिसत नाही असे मानण्याइतका मी भोळा नाही. पक्ष कोणताही असो.

शेवटी आपल्या दैनिकाकडे एक मागणी आहे. आपल्या ‘आजचे कार्यक्रम’ या सदरात पारायणे, सप्ताह, कुस्तीची मैदाने, सोंगी भजनाच्या स्पर्धा, यात्रा आणि साहित्य संमेलने यांच्या तारखा न चुकता येतात, आणि गावात ते सदर लोक सर्वांत आधी वाचतात. मी स्वतः निधनवार्तेनंतर तेच वाचतो. त्या सदरात प्रत्येक गावच्या वॉर्डसभेची आणि जमाबंदीची तारीख, वेळ आणि जागा छापावी. तारखा पंचायतीकडून वेळेवर मिळणार नाहीत, हे मला माहीत आहे. ज्या पंचायतीने तारीख कळवली नाही तिचे नाव छापून त्यापुढे जागा मोकळी सोडावी. आमच्या पंचायतीतील गावांच्या तारखा मिळवून आपल्या तालुका वार्ताहराकडे पोहोचवण्याचे काम मी अंगावर घेतो. इतर गावांतही यात्रा कमिट्यांचे माजी खजिनदार आहेतच आणि त्यांना बसल्या जागी करमत नाही, हे मी स्वानुभवाने सांगतो.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एका यात्रा कमिटीचा माजी खजिनदार,
बेळगाव तालुका, पश्चिम भाग